सतरा मिलिसेकंद

संध्याकाळी सव्वासहाला
जेटीपलीकडचा बर्फाचा कारखाना कॉम्प्रेसर ओढतो
आणि अख्ख्या देवगडचे बल्ब
एकदा डोळा मिचकावतात.
ट्रॉलर परतलेले असतात, बांगडा पाटीत, लिलाव तोंडात.
कुणाला काही वाटत नाही.
फक्त यज्ञेश कोयंडेचा कॉम्प्युटर बंद पडतो.
रोज.

माझ्या दुकानात येतो तेव्हा
तो आधी प्रोसेसरला दोष देतो, मग रॅमला, मग महावितरणला,
शेवटी हळू आवाजात स्वतःला.
पाच पॉइंट एक गिगाहर्ट्झवर नेलाय त्यानं.
कंपनीनं दिलेल्या वेगात त्याची लाट
बंधाऱ्यापर्यंत पोचायला आठवडा लावते म्हणे.
बंदरातल्या पाण्याचं गणित मांडतोय पोरगा,
कुठून येईल, किती जोरानं आपटेल.
त्याचे बाबा विचारतात,
"खिडकेतसून दिसनत नाय काय लाटा?"

मी पेटी उघडते.
आत मिठाची साय,
पंख्याच्या पात्यांवर, स्क्रूंच्या डोक्यांवर,
आणि कोपऱ्यात तो साडेसहाशे रुपयांचा सप्लाय,
अंगावर सोनेरी अक्षरांत: सहाशे वॅट.
काढून त्याच्या हातात दिला.
"हलको लागता?"
"लागता."
"मगे वॅट खय आसत?"

लेबलावरचे वॅट
लग्नाच्या पत्रिकेतल्या पदव्यांसारखे.
थंड खोलीत, क्षणभर, खरे असतीलही.
तुझी खोली पत्र्याखाली आहे.
बारा व्होल्टची लाइन किती अँपिअर पेलते ते बघ.
कपॅसिटर एकशेपाच अंशांचे आहेत का बघ.
हमी दहा वर्षांची असू दे,
पण ती पाळणारा माणूस
कोल्हापूरच्या अलीकडे कुणी आहे का, तेही विचार.
आणि नुसत्या वजनावर जाऊ नकोस रे.
एकदा एका जड डब्यात
मला सिमेंटचा तुकडा सापडला होता, नीट चिकटवलेला.

मग कागदाच्या तळाशी, बारीक टायपात:
होल्ड-अप टाइम.
वीज गेल्यावरही
किती वेळ तो आतल्या आत पुरवत राहतो.
"सतरा मिलिसेकंद," यज्ञेश वाचतो, हसतो,
"एवढ्याशात काय होतं?"

माझी मावशी कुणकेश्वरच्या खडकांवर
शिनाणे काढायची.
लाट आली की खडकाला मिठी.
डोळे बंद, तोंड बंद, कोयता मुठीत.
डोक्यावरून पाणी जायचं, निथळायचं,
आणि ती पुन्हा कामाला, जणू कुणी आलंच नव्हतं.
ती कधी लाटेशी भांडली नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, "बर्फवाल्यांचा झटका त्याहून छोटा असतो. घे हा."

साडेआठ हजार.
बाबांनी आकडा ऐकून
एका जाळ्याचा हिशोब मनात केला असावा,
ओठ हलले.

बसवायला मीच गेले.
प्लगची तिसरी तार भिंतीत शिरत होती
आणि भिंतीत कुठेच जात नव्हती.
तेव्हा आधी परसात जांभा फोडला,
खड्ड्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
वरून दोन बादल्या पाणी.
बाबा पहारीनं घाव घालत म्हणाले,
"मीठ इकत घेवक लागला, देवगडात!"

सहा चौदा.
आम्ही तिघे पडद्यासमोर नव्हे,
बल्बकडे बघत उभे.
कारखाना गुरगुरला. बल्ब मिटला, उघडला.
पंखा फिरतच होता.
पडद्यावरची निळी रेघ
बंधाऱ्याच्या टोकाला वळसा घालून आत सरकली,
महिनाभरात पहिल्यांदाच इतकी आत.

बाबा पुढे आले. ओलं बोट
काचेवरच्या एका ठिपक्यावर टेकवलं, जिथे
त्यांची होडी बांधलेली असते.
"ही हय लागतली?"

यज्ञेशनं उत्तर दिलं नाही.
म्हणाला, "मोजतोय अजून."